अजिंठ्याचीं चित्रें : चिकित्सा आणि परीक्षा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना आणि फार पवित्र आहे. गांवचें देऊळ पडावयास आलें, कीं कोणी भाविक सावकार पुढें होतो, मोडका कळस उतरवून नवा चढवितो, झिजलेल्या पायऱ्यांच्या जागीं नव्या बसवितो, भिंतींस सफेदी देतो, आणि त्या पुण्यकृत्याचा शिलालेख दारावर लावून कृतार्थ होतो. त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं आणि वाटूंहि नये. देवळांत जपावयाचें असतें तें पूजेचें सातत्य. दगड जुना कीं नवा हा प्रश्न तेथें गौण. परंतु हाच शब्द आपण जेव्हां जुन्या चित्रास लावतों तेव्हां मोठा घोटाळा होतो. चित्र म्हणजे रंगाचा एक अत्यंत पातळ थर. तो थर गेला कीं चित्र गेलें. त्याच रेषेंत नवा रंग भरला तर उरतें तें भरणाऱ्याचें चित्र, मूळ चित्रकाराचें नव्हे. म्हणून येथें उद्धाराचें पहिलें कर्म म्हणजे समोर काय आहे तें जाणून घेणें. भिंत कशाची, गिलावा कशाचा, रंग कोणत्या मातीचे, ते कशांत कालविलेले, त्यांवर पुढच्या पिढ्यांनीं काय काय चढविलेलें, एवढें कळेपर्यंत वैद्यानें नाडी धरून बसावें, पुडी सोडूं नये.

हें म्हणणें आज सर्वमान्य झालें आहे. अजिंठ्यास मात्र तें उलट्या क्रमानें पटलें. तेथें आधीं औषध झालें आणि निदान मागाहून आलें. त्या उलट्या क्रमाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों; कारण तिच्यांत महाराष्ट्राचा एक अमोल ठेवा खर्चीं पडला आहे, आणि ती हकीकत अद्याप पुरी झालेली नाहीं.

वाघोरा नदीच्या वळणावर, काळवत्री दगडाच्या कड्यांत कोरलेलीं हीं तीस लेणीं दोन निरनिराळ्या काळांतलीं आहेत. नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनीं चित्रें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतलीं. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रें वाकाटकांच्या वेळचीं, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलीं. पुढें हीं लेणीं ओस पडलीं. इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासच्या सैन्यांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी तेथें येऊन पोचला, आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर, रंगविलेल्या बुद्धाच्या अंगावरच, आपलें नांव व तारीख खरडून गेला. अर्वाचीन काळानें अजिंठ्याचें पहिलें स्वागत केलें तें असें. पुढच्या कांहीं वर्षांतच डॉ. जेम्स बर्ड यांनीं सतराव्या लेण्यांतील कांहीं आकृति भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला. रंगाखालचा गिलावा मातीचा आहे हें त्यांस कळलें, पण आकृतींचा चुरा झाल्यावर.

त्यानंतर आले ते नक्कलकार, आणि त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ सालीं नेमणूक झाली. त्यांनीं कित्येक वर्षें त्या दरींत राहून मोठमोठ्या तैलरंगी प्रती केल्या. त्या लंडनजवळ सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरांत लागलेल्या आगींत बहुतेक जळाल्या. गिलसाहेब १८७९ सालीं वारले. त्यांची कबर भुसावळास आहे. मग मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह हेंच काम पुन्हा केलें. त्याहि नकला लंडनला गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नष्ट झाल्या. जपानच्या अराइ कान्पो या चित्रकारानें १९१७-१८ मध्यें उतरून नेलेल्या प्रतींचा १९२३ च्या भूकंपांत तोकियो येथें नाश झाला. अजिंठ्याच्या नकलांना कांहीं शाप आहे कीं काय असें भाविक मनास वाटावें! आमच्या दृष्टीनें ह्या दुर्दैवाचा अर्थ एवढाच, कीं मूळ भिंतीवर जें आहे त्यास पर्याय उरला नाहीं.

परंतु नकला करतांना मूळ भिंतीचें काय झालें? हा प्रश्न त्या काळीं कोणी फारसा विचारला नाहीं. कोरड्या, धुळकट भिंतीवरचा रंग फिकट दिसतो. तो ओला केला कीं क्षणभर खुलतो. हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक असतें. सारवलेली जमीन ओली असतां गडद दिसते व वाळली कीं फिकी पडते, त्यांतलाच हा प्रकार. कारण असें, कीं कोरड्या रंगाच्या पृष्ठभागीं असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि त्यांवर आपटून प्रकाश चहूंकडे विखुरतो. पोकळ्या पाण्यानें वा रोगणानें भरल्या कीं विखुरणें कमी होतें आणि रंगाचा खरा गडदपणा डोळ्यांस भासतो. पाणी वाळून जातें, रोगण राहतें. म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळीं चित्रांवर वार्निश फिरविण्यांत आलें. नक्कल चांगली उतरावी हा हेतु होता, व तो साधलाहि. पण जो रंग मुळांतच निस्तेज, मातीसारखा मऊ दिसावा म्हणून लावलेला, त्यास कांचेसारखी झळाळी आली, आणि भिंतीच्या श्वासोच्छ्वासाचीं छिद्रें बुजलीं.

अजिंठा त्या काळीं हैदराबाद संस्थानांत होता. १९१४ सालीं निजाम सरकारनें आपलें पुरातत्त्व खातें स्थापिलें व गुलाम याझदानी यांस त्याचें प्रमुख नेमिलें. याझदानी हे मोठ्या योग्यतेचे विद्वान् होते; अजिंठ्याच्या चित्रांचे त्यांनीं प्रसिद्ध केलेले चार खंड आजहि अभ्यासकांस सोडतां येत नाहींत. भिंतींचे पोपडे सुटत होते, गिलाव्याच्या मागें पोकळ्या पडल्या होत्या, पाकोळ्यांची वस्ती व घाण सर्वत्र होती. अशा स्थितींत १९२० सालीं इटालीहून लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे दोन कसबी लोक बोलावून आणण्यांत आले, आणि १९२२ पर्यंत त्यांनीं तेथें काम केलें. सुटलेला गिलावा त्यांनीं पुन्हा भिंतीस चिकटविला, फुटक्या कडा बांधून घेतल्या, वरची घाण पुसली. त्यांचे हे उपकार विसरून चालणार नाहीं. आज आपण ज्या आकृति पाहतों त्यांतल्या कित्येक त्यांच्या हातांनीं सांवरल्या नसत्या तर जमिनीवर येऊन पडल्या असत्या.

शेवटीं मात्र त्यांनीं चित्रांवर स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचा हात दिला. ही लाख म्हणजे आपले सुतार कपाटांस व खुर्च्यांस पॉलिश करण्याकरितां वापरतात तीच चपडा लाख. ती न विरंजिलेली, म्हणजे मुळांतच तांबूस. आणि हवेच्या संसर्गानें जसजशी जुनी होते तसतशी आणखी काळसर तपकिरी होत जाते. शिवाय ती आकसते, आणि आकसतांना खालचा रंग आपल्याबरोबर उचलते. धूळ व पाकोळ्यांची विष्ठा तिजवर बसून राहते. पावसाळ्यांत काळवत्रीच्या फटींतून झिरपणारी ओल पूर्वीं गिलाव्यांतून हळूहळू बाहेर पडत असे. तिला आतां वाट राहिली नाहीं. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही, कीं जुनी झालेली लाख ज्या स्पिरिटांत पूर्वीं सहज विरघळे त्यांत पुढें विरघळेनाशी होते. दहाव्या लेण्याच्या भिंतींवर तर पूर्वींच्या नक्कलकारांच्या वार्निशावर हा लाखेचा थर चढला, आणि थोड्याच वर्षांत तेथील सर्वांत प्राचीन चित्रें तपकिरी अंधारांत बुडून गेलीं. भारतांतील बौद्ध चित्रकलेचे सर्वांत जुने नमुने जिवंत असून डोळ्यांआड झाले.

त्या वेळीं शास्त्र बाल्यावस्थेंत होतें, म्हणून दोष कोणाचा नाहीं, असें समाधान पुष्कळ जण मानतात. तें आम्हांस पटत नाहीं. बर्लिन येथील राजकीय संग्रहालयांत रसायनशाळा १८८८ सालींच निघाली होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला, आणि १८९६ मध्यें जर्मनींत त्या किरणांनीं चित्र तपासूनहि झालें. लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्रें धुण्यापुसण्यावरून १८५३ सालीं पार्लमेंटानें चौकशी बसविली, तेव्हां खुद्द मायकेल फॅरडे यांची साक्ष झाली होती. आणि इतक्या दूर तरी कशाला जावें? ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्यांत रसायनज्ञाचें पद १९१७ सालीं निर्माण झालें होतें. एक सूक्ष्मदर्शक, चार परीक्षानळ्या आणि भिंतीवरून आपोआप गळून पडलेले दोन-चार पोपडे, एवढ्या सामग्रीवर पहिल्या प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यासारखीं होतीं. उणें होतें तें प्रश्न विचारण्याच्या संवयीचें. चित्र दुरुस्त करणें हें कसबी माणसाचें काम, त्याचा हात बसलेला, मग त्यास रसायनज्ञानें काय शिकवावें, ही समजूत त्या काळीं युरोपांतहि होती. ती मोडावयास १९३० ची रोमची परिषद व्हावी लागली. कलाकृतींची परीक्षा व जतन शास्त्रीय पद्धतींनीं कसें करावें याचा तेथें प्रथमच निरनिराळ्या राष्ट्रांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून विचार केला.

अजिंठ्याच्या भिंतीस ते पहिले प्रश्न विचारले ते एस्. परमशिवन् यांनीं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत १९३० च्या सुमारास निघालेल्या रसायनशाळेचे ते रसायनज्ञ. जुन्या पंचरसी मूर्तींवरचा गंज विजेच्या साह्यानें काढण्याचें त्यांचें काम प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या मतें त्यांचें खरें कार्य भित्तिचित्रांचें. तंजावर, सित्तन्नवासल, अजिंठा, वेरूळ अशा अनेक स्थळांच्या गिलाव्याचे व रंगांचे सूक्ष्म नमुने घेऊन त्यांनीं त्यांचें पृथक्करण केलें. अजिंठ्याच्या रचनेचें जें चित्र त्यांच्या व त्यांच्यानंतरच्या रसायनज्ञांच्या कामांतून उभें राहिलें तें थोडक्यांत असें : छिन्नीनें मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या दगडावर प्रथम जाडसर मातीचा लेप, त्यांत भाताचें तूस, गवत, वनस्पतींचे तंतु, त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा लेप, त्यावर अंड्याच्या टरफलासारखा पातळ पांढरा हात, आणि त्यावर रंग. रंग बहुतेक आसपासच्याच मातींतले. तांबडा तो गेरू, पिवळा ती पिवडी, काळी ती काजळी. हिरवा रंग एका हिरव्या मातीचा, आणि ती तर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतच सांपडते. एक निळा तेवढा परदेशचा. तो लाजवर्द नामक दगडाचा. त्या दगडाच्या प्राचीन काळच्या प्रसिद्ध खाणी आजच्या अफगाणिस्तानांतील बदख्शान प्रांतांत. नवव्या-दहाव्या लेण्यांतील आरंभीच्या चित्रांत हा निळा नाहीं, पांचव्या शतकांतील चित्रांत मात्र त्याचा मुबलक उपयोग केलेला दिसतो. मधल्या पांचशें वर्षांत दख्खनचा व्यापार किती लांबवर पोचला होता, याची ही एक साक्षच होय.

येथें जरा विषयांतर करूं. आपल्याकडील पंडितांनीं अजिंठ्याची पद्धति विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रावरून ठरविण्याचा प्रयत्न पुष्कळदां केला आहे. त्या ग्रंथांत भिंतीच्या लेपासाठीं विटांची भुकटी, माती, गुग्गुळ, मेण, गूळ अशा द्रव्यांची मोठी यादी आहे. ग्रंथ अनमोल आहे यांत शंका नाहीं. पण अजिंठ्याची भिंत त्या यादीप्रमाणें केलेली नाहीं. शास्त्र लिहिणारा एक, गिलावा करणारा दुसरा. आणि दुसऱ्यानें हाताशीं सांपडलेली नदीकांठची माती व शेतांतलें तूस घेतलें. पोथी आणि भिंत यांची साक्ष जुळली नाहीं तर आम्ही भिंतीची साक्ष प्रमाण मानूं. असो.

परमशिवन् यांच्या परीक्षेंतला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी लेखक ह्या चित्रांस सरसहा फ्रेस्को म्हणत आले, आणि त्यांचें पाहून आपणहि म्हणूं लागलों. खरा फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यांत कालविलेल्या रंगांनीं काढलेलें चित्र. चुना वाळतांना हवेंतील कार्बनिक वायु शोषून घेतो, पुन्हा दगडासारखा होतो, आणि रंगाचे कण त्या दगडांत बद्ध होतात. अजिंठ्यास गिलावा मातीचा आहे आणि रंग सरस वा डिंक यांसारख्या चिकट द्रव्यांत कालवून कोरड्या भिंतीवर लावलेले आहेत. युरोपांत ह्या रीतीस टेम्परा म्हणतात. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरांत १९३१ सालीं उघडकीस आलेलीं चोलकालीन चित्रें चुन्याच्या गिलाव्यावरचीं आहेत, आणि तीं ओल्या चुन्यावर काढलेलीं असावींत असें परमशिवन् यांनीं ठरविलें. म्हणजे एकाच देशांत दोन सर्वस्वीं भिन्न रीति होत्या, आणि आम्ही दोहोंस एकच परकीय नांव देत होतों.

हा नांवाचा वाद केवळ शब्दांचा आहे असें कोणी समजूं नये. चुन्यांत बद्ध झालेला रंग पाण्यानें पुसला तरी सहसा हलत नाहीं. सरसांत बांधलेला रंग ओल्या फडक्यासरशीं सुटतो. चुन्याची भिंत कांहीं क्षार सोसते. मातीची भिंत पाणी पितां पितां फुगते व ढासळते. म्हणजे हें चित्र कशानें पुसावें, कशानें चिकटवावें, आणि पुसावें तरी कीं नाहीं, हें सर्व त्या एका उत्तरावर अवलंबून. तें उत्तर लाख चढविल्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं हातीं आलें.

क्रम सुलटा असला म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण आम्ही अलीकडच्या युरोपांतून देतों. विषय समजण्यास त्याची मदत होईल. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील संग्रहालयांत डच चित्रकार फर्मेर याचें एक प्रसिद्ध चित्र आहे. उघड्या खिडकीपाशीं एक तरुणी पत्र वाचीत उभी आहे, आणि तिच्यामागें मोकळी भिंत आहे. १९७९ सालीं क्ष-किरणांनीं पाहतां त्या मोकळ्या भिंतीखालीं मदनाचें भलें मोठें चित्र असल्याचें आढळलें. लोकांनीं तर्क केला, कीं फर्मेरनें स्वतःच मन बदलून मदन झांकला असावा; आणि चित्रकारानें जें स्वहस्तें झांकलें तें उघडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाहीं. संग्रहालयानेंहि त्यास हात लावला नाहीं. जवळजवळ चाळीस वर्षांनीं, २०१७ सालीं, चित्राचें काम निघालें तेव्हां रंगाचा अतिसूक्ष्म कण काढून त्याचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला गेला. मदनाचा रंग आणि वरचा भिंतीचा रंग यांच्या मध्यें जुन्या वार्निशाचा व धुळीचा थर निघाला! चित्र पुरें होऊन, वार्निश होऊन, त्यावर धूळ बसून कित्येक दशकें लोटल्यावर कोणी तरी तो मदन झांकला होता. आणि फर्मेर तर १६७५ सालींच निवर्तला. तेव्हां सूक्ष्मदर्शकाखालीं, बारीक चाकूनें, वरचा रंग कणाकणानें काढण्यांत आला, आणि २०२१ सालीं चित्र मदनासह लोकांसमोर आलें. ह्या गोष्टींत आम्हांस कौतुक वाटतें तें १९७९ नंतरच्या थांबण्याचें. क्ष-किरणांनीं अर्धेंच सत्य सांगितलें होतें. उरलेलें अर्धें सांगण्यास धुळीचा एक कण लागला.

ड्रेस्डेनची सर्व साधनें अजिंठ्यास मात्र चालत नाहींत. क्ष-किरणांचें छायाचित्र घ्यावयाचें तर चित्राच्या पुढें यंत्र व मागें पट्टी ठेवावी लागते; आणि अजिंठ्याच्या चित्रामागें आहे अखंड डोंगर. म्हणून येथें परावर्तित किरणांवरच भिस्त. नीलवर्णापलीकडील अदृश्य किरण भिंतीवर टाकले असतां लाख नारिंगी तेजानें चमकते, आणि तिचा हात कोठवर फिरला आहे हें कळतें. तांबड्याच्या अलीकडील अदृश्य किरण जुन्या तपकिरी वार्निशांतून आरपार जातात, व त्यांच्या साह्यानें घेतलेल्या छायाचित्रांत काजळीची रेघ ठळक उमटते. गेरूची रेघ मात्र त्या किरणांत पुसट होते. आणि अजिंठ्याच्या चित्रकारांचा पहिला आराखडा बहुधा गेरूचाच. यंत्रास सर्व दिसतें असें मानणें ही नव्या काळची भोळसट समजूत आहे. रंगांतील मूलद्रव्यें क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीवरून ओळखणारीं लहानशीं यंत्रें आतां हातांत धरून लेण्यांत नेतां येतात. तीं लोह चटकन् सांगतात, परंतु लाजवर्दाचीं हलकीं द्रव्यें त्यांच्या हातून बहुधा निसटतात, आणि त्यासाठीं निराळी रीति योजावी लागते. एकाची साक्ष दुसऱ्यानें पडताळावी, हाच येथला न्याय.

१९५३ पासून अजिंठा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत आहे, आणि त्या खात्याच्या रसायनज्ञांच्या कित्येक पिढ्या लाख उतरविण्यांत खपल्या आहेत. हें काम किती जिकिरीचें आहे याची कल्पना बाहेरच्या माणसास येणें कठीण. जो द्रव लाखेस सोडवितो तो खालच्या सरसासहि सोडवूं शकतो. म्हणून बोटभर जागा घ्यावी, थांबावें, पाहावें, पुन्हा बोटभर. मधल्या काळांत पॉलिव्हिनिल ॲसिटेटासारखे कृत्रिम लेपहि रंग टिकविण्याकरितां येथें वापरले गेले. म्हणजे जुन्या लेपांत नव्याची भर पडली, आणि तीहि सद्धेतूनेंच! १९९९ पासून दहाव्या लेण्यांत व पुढें नवव्यांत मोठ्या चिकाटीनें सफाई झाली, आणि काजळी, लाख व घाण यांखालून षड्दंत जातकाचे हत्ती व प्राचीन आकृति पुन्हा दिसूं लागल्या. त्याच दहाव्या लेण्यांत खांबांवरचे बुद्ध पांचव्या शतकांतले आहेत, भिंतींवरच्या जुन्या चित्रांहून पांच-सहाशें वर्षांनीं नवे. मागाहूनचें तें सर्व काढून टाकावें, असा सरळ नियम येथें लावूं गेल्यास केवढा अनर्थ होईल तें ह्यावरून दिसेल. कोणता थर इतिहास आणि कोणता थर रोग, हें आधीं ठरवावें लागतें.

परीक्षेचें आणखी एक फळ शेजारच्या वेरुळास मिळालें. तेथील मातीच्या गिलाव्यांतील तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां ते भांगेच्या झाडाचे निघाले. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह व औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनीं हें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. भांगेच्या तंतूंनीं गिलावा बळकट झाला व किडीपासून बचावला असें त्यांचें मत आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यांत भांग आढळली नाहीं. तेथें कसरीसारख्या किडींनीं तूस व तंतु खाऊन चित्रांची मोठी हानि केली. वेरूळच्या गवंड्यास ही युक्ति कोणी शिकविली तें सांगणारी पोथी नाहीं. भिंतीनेंच तें सांगितलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिजकडे वळतों. अविचारानें लावलेल्या लाखेनें चित्र झांकलें, हें नुकसान डोळ्यांस दिसतें, आणि तें कांहीं अंशीं भरूनहि येत आहे. दुसरें नुकसान दिसत नाहीं आणि तें भरून येण्यासारखें नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारानें रंग नेमके कशांत कालविले, कोणत्या प्राण्याचा सरस, कोणत्या झाडाचा डिंक, हें सांगण्याइतकीं सूक्ष्म साधनें आज उपलब्ध आहेत. परंतु त्या साधनांपुढें जो नमुना ठेवावयाचा तो शुद्ध कोठून आणावा? त्यांत ग्रिफिथ्सच्या काळचें वार्निश आहे, चेक्कोनींची लाख आहे, मागाहूनचे कृत्रिम लेप आहेत, आणि ते पातळ असतांना सच्छिद्र मातींत खोल मुरलेले आहेत. सेंद्रिय द्रव्य सांपडलें कीं पहिला प्रश्न हाच, कीं हें वाकाटकांच्या वेळचें कीं निजामाच्या? जशी फिर्याद होण्यापूर्वीं घटनास्थळीं गर्दी होऊन पावलांचे सर्व ठसे एकमेकांत मिसळावेत, तसें हें झालें आहे. परीक्षेआधीं केलेल्या चिकित्सेनें रोग्यास इजा केली ती केलीच. शिवाय पुढच्या वैद्यास निदान करण्याचा मार्गहि अडविला.

जपानांतील होर्युजी मंदिराच्या सुवर्णगृहांतील भित्तिचित्रांची गोष्ट ह्या जोडीस ठेवण्यासारखी आहे. अजिंठ्याच्या कलेचा दूरचा वंशज म्हणून त्यांचें नांव नेहमीं घेतलें जातें. १९३५ सालीं त्या चित्रांचीं मूळ आकाराचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. रंग पृथक् करून व अदृश्य किरणांनींहि घेण्यांत आलीं. चौदा वर्षांनीं, १९४९ च्या जानेवारींत, नकलांचें काम चालूं असतांनाच आग लागून रंग करपून गेले. भिंती काळवंडल्या, परंतु रेघन्‌ रेघ त्या छायाचित्रांत शाबूत आहे, आणि जळक्या भिंतीहि जपानी लोकांनीं टाकून न देतां मंदिराच्या आवारांत जपून ठेविल्या आहेत. जळाल्यानंतरहि तीं चित्रें अभ्यासकास कांहीं सांगूं शकतात, तीं अशी आधीं केलेल्या नोंदीमुळें.

अजिंठ्याच्या सर्व भिंतींवर कुंचला सारखाच फिरला असेल असें नाहीं. छताचे अवघड कोपरे, खांबांच्या शिरोभागामागच्या सांदी, खाली गळून पडलेले व कोणी तरी उचलून पेटींत टाकलेले पोपडे, अशा ठिकाणीं लाख न पोचलेला हातभर, बोटभर, तिळभर रंग कोठें ना कोठें उरला असण्याचा संभव आहे. तो शोधून त्याचा नकाशा करावा, प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवावी, आणि त्यावर कोणताहि द्रव, कितीहि गुणकारी म्हणून कोणी आणला तरी, लावूं देऊं नये, एवढीच आमची खात्यास विनंति आहे. सफाईच्या वेळीं प्रत्येक भिंतीवर एक लहानशी चौकट जशीच्या तशी सोडावी, म्हणजे आजच्या रसायनज्ञाच्या चुका शंभर वर्षांनंतरच्या रसायनज्ञास तपासतां येतील. सामान्य प्रेक्षकास ती चौकट डागासारखी दिसेल, आणि मार्गदर्शकास तिच्याविषयीं रोज दहा वेळां उत्तर द्यावें लागेल. तेवढा त्रास त्यानें सोसावा.